सेवाक्षेत्राबाहेरची बहीण

६ फेब्रुवारी, गुरुवार

तर दूध उतू गेलं होतं, म्हणून मी आधी ओटा पुसला. मग भांडी विसळली, चादरी झटकल्या, गॅलरीतल्या दोरीवर कपडे वाळत टाकले आणि बादली घेऊन खाली उतरले. यांनी तोवर गाडीची चारही दारं उघडून ठेवली होती. आतली पायपुसणी कठड्यावर उन्हात टाकली होती आणि स्वतः पुढच्या काचेवर तोंडाने वाफ सोडून जुन्या बनियनच्या तुकड्याने घासत होते. मी म्हटलं, "अहो, पाणी आणलंय." हे म्हणाले, "काय गं, कोमट आहे ना?" मी म्हटलं, "का, गाडीला सर्दी झालीय?" मग यांनी पुसलं आणि मी फडकी पिळून दिली. वर आल्यावर मी कणीक भिजवली. त्या सकाळी विशेष काही घडलं नाही. आज एकटी गाडी पुसत होते तेव्हा आठवली, एवढंच. यांना जाऊन दोन वर्षं होत आली.

ही दैनंदिनी वाचनालयातल्या बाईंनी दिली. कुठल्याशा बँकेची आहे, जुन्या सालाची, त्यामुळे वार जुळत नाहीत. मी खोडून बरोबर लिहिते. बाई म्हणाल्या, "एवढं वाचता, थोडं लिहा पण." माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं वाचन वाचनालयात झालं. लिहायचं कुणी शिकवलं नाही, तेव्हा जसं जमेल तसं.

आज गुरुवार, म्हणजे धाकटीचा दिवस. माझी धाकटी बहीण टेलिफोन खात्यात होती. जन्मभर लोकांना एकमेकांशी जोडून दिलं आणि स्वतः दिवसभर बडबडली. तीन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एकच शब्द उरलाय, "चल." भूक लागली तरी चल, डोकं दुखलं तरी चल. शहराबाहेर, मोठ्या रस्त्यापलीकडे, शीतगृहाच्या मागे एक शुश्रूषागृह आहे, तिथे ती असते. बस तिकडे जात नाही. मी गाडी घेऊन फाटकाशी आले की ती इंजिनाच्या आवाजावरून ओळखते. मदतनीस बाई आणि मी मिळून तिला पुढच्या सीटवर बसवतो. मग आम्ही दोघी उसाच्या शेतांपर्यंत जाऊन येतो. मी बोलते, ती काच खाली करून वारा खाते. तिच्या आठवड्यात एवढाच एक तास आहे. बाकी सगळी खिडकी.

९ फेब्रुवारी

लेक आणि जावई आले होते. जावई बोलायला लागले की मला टीव्हीचा आवाज कमी करावासा वाटतो, आणि टीव्ही तर बंदच असतो. माणूस वाईट नाही. कधीकाळी साधंसुधं बोलायचे. या नव्या कंपनीत लागल्यापासून त्यांच्या तोंडून जाहिराती बाहेर पडतात.

म्हणाले, "आई, गाडी बाळगणं ही जुनी मानसिकता झाली. आता कुणी गाडी ठेवत नाही. वर्गणी भरायची. हवी तेव्हा गाडी दारात, नको तेव्हा नाही."

"म्हणजे मासिकासारखी वर्गणी?"

"अगदी तशीच!"

"मासिक परत मागत नाहीत."

ते हसले. कंपनीत बहुधा हसायचंही शिकवत असावेत, दात सगळे सारखे दिसतात. "आई, जरा विचार करा. तुमची गाडी दिवसभर नुसती उभी असते."

"मी पण दिवसभर नुसती बसलेली असते. माझ्यासाठी काही योजना आहे का?"

"आई!" लेक ओरडली.

योजना अशी की जुनी गाडी कंपनीत जमा करायची, त्याबदली वर्षभराची वर्गणी माफ. दुरुस्ती नाही, विमा नाही, टायर नाही, चिंता नाही. "चाकं आमची, वाट तुमची," असं त्यांचं बोधवाक्य आहे. मी विचारलं, "आणि खड्डे कुणाचे?" ते त्यांना अजून शिकवलेलं नाही.

मग त्यांना फोन आला. ते गॅलरीत गेले. "हो सर… हो सर… अजून एक येतेय सर, नक्की," असं म्हणताना ऐकू आलं. कोण येतंय कोण जाणे.

लेक माझ्यामागे स्वयंपाकघरात आली आणि कप विसळता विसळता म्हणाली, "आई, हो म्हण ना. या महिन्यातच म्हण." तिला माझी काळजी. लहानपणापासून तिला वाटतं की आमच्या गाडीचा ब्रेक एक दिवस लागणार नाही. डोळे भरून आले होते तिचे. मी म्हटलं, "बरं बाई, बघते."

१० फेब्रुवारी

जावयांनी ठेवलेला करारनामा वाचला. मला छापील काही दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही, औषधाच्या खोक्यातला कागददेखील मी सोडत नाही. भाषा मात्र अशी की कारकुनाला ताप आला असताना लिहिली असावी. "सदस्य वाहनास स्वतःचे समजून वागवेल, परंतु स्वतःचे समजणार नाही." हे वाक्य मी दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं आणि एकटीच हसले.

एक कलम सेवाक्षेत्राचं होतं. वाहन सेवाक्षेत्रातच राहील, वगैरे. गाडी सर्व्हिसिंगला ठराविक ठिकाणीच न्यायची असा त्याचा अर्थ. आमचा गॅरेजवाला दुखावेल, पण दुरुस्ती त्यांचीच असेल तर ठिकाणही त्यांचंच.

मन होत नाही. पण कारण विचारलं तर सांगता येत नाही. गाडी म्हणजे शेवटी पत्रा. मला पत्र्याचं प्रेम नाही. आणि लेकीचे डोळे आठवतात. सही केली.

१५ फेब्रुवारी

गाडी दिली.

मला वाटलं होतं, किल्ली द्यायची आणि घरी यायचं. तिथे समारंभ होता. जावयांनी छायाचित्रकार आणला होता. मला एक पाटी धरायला दिली, "मी मालकीमुक्त झाले!" छातीशी पाटी धरून फोटो फक्त तुरुंगात काढतात, असा आजवर माझा समज होता. छायाचित्रकार म्हणाला, "आजी, जरा हसा, मोकळं वाटू द्या." मी म्हटलं, "बाळा, यांच्या पश्चात मला कुणी मोकळी झालीस म्हणालं की मी हसत नाही." तो बिचारा गोंधळला. जावयांनी घाईघाईने टाळ्या वाजवल्या.

त्याआधी गाडी रिकामी केली. खणातून यांचा कंगवा निघाला, चष्म्याचं रिकामं घर निघालं, घशाच्या गोळ्यांची डबी निघाली. मागच्या सीटखाली काडी मोडलेली छत्री होती. सगळं पिशवीत भरलं. माझी पाठीमागची उशी घेतली. सीट यांच्या बसण्याइतकी मागे होती, माझे पाय पोचत नसत, म्हणून मी पाठीशी जाड उशी घेऊन चालवायची.

मग कंपनीचा माणूस आत बसला. ठेंगणा होता. त्याने खाली हात घालून सीट खाडकन पुढे ओढली आणि गाडी घेऊन गेला. त्याचं काम आहे ते.

जेवायचा कंटाळा आला. दही खाल्लं.

१८ फेब्रुवारी

आज वर्गणीची गाडी आली. पांढरी, इंजिनाचा आवाज नाही, आत फिनेलसारखा वास. दाराला फोन टेकवला की दार उघडतं. इथवर ठीक. पुढे मात्र गाडी सुरू होईना. पडद्यावर अक्षरं आली, "गाडीला हाक मारा: अहो."

मला वाटलं चुकीचं वाचतेय. चष्मा पुसला. अहोच होतं.

जावयांना फोन लावला.

"आई, तो गाडीला जागं करायचा शब्द आहे. तुम्ही अहो म्हटलं की गाडी ऐकते. अहो, सुरू व्हा. अहो, गार हवा लावा. सोप्पं आहे!"

"दुसरा शब्द नाही का?"

"संशोधन करून निवडलाय आई. आपल्या माणसाच्या जिभेवर असलेला, आदराचा, घरगुती शब्द. आमच्या आईवरच चाचणी घेतली. ती दिवसातून शंभरदा म्हणते."

"कुणाला म्हणते?"

"बाबांना."

मी फोन मांडीवर ठेवून स्पीकर लावला. ते म्हणाले, "हॅलो? आई, आवाज येतोय का?"

"येतोय. मी गाडीला तसं म्हणणार नाही."

"अहो आई, नुसता शब्द तर आहे."

मांडीवरच्या फोनमधून तो शब्द बाहेर पडला आणि गाडी म्हणाली, "बोला." जावई खूष. "बघा, चालू झाली!"

अहो काका, अहो मास्तर, अहो ताई हे वेगळं. नुसतं अहो वेगळं. हे मी संशोधन न करता सांगू शकले असते. मी गाडी बंद करून वर आले. जिन्यात दम लागला, उगाचच.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी खाली गेले. धाकटीकडे जायचंच होतं. रखवालदाराला म्हटलं, "दादा, जरा एक शब्द बोलायचाय."

"बोला ना."

"मी नाही, तुम्ही. अहो म्हणा."

ते आडदांड गृहस्थ, मिशा अशा की पत्रं टाकणारा घाबरतो. मानेपर्यंत लाल झाले. "आजी, कुणाला?"

"गाडीला. माझ्याकडे कशाला बघताय? तिकडे बघून म्हणा."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खिडकीत वाकले आणि इतक्या हळू म्हणाले की गाडीने "पुन्हा सांगा" म्हटलं. दुसऱ्यांदा जमलं. गाडी सुरू झाली. पलीकडची भाजीवाली पदर तोंडाला लावून हसत होती. ती गोष्ट संध्याकाळपर्यंत दोन गल्ल्यांत पोचली असणार.

गाडी चालवायला छान आहे, खोटं कशाला बोलू. क्लच नाही, झटका नाही. मी शहर पार केलं, मोठ्या रस्त्याला लागले. समोर शीतगृहाची निळी भिंत दिसायला लागली. तेवढ्यात गाडी बोलली. पुरुषाचा आवाज, गोड, नुकतंच जेवण झाल्यासारखा. "आपण सेवाक्षेत्राच्या सीमेवर आहात. कृपया मागे वळा."

म्हणजे ते सेवाक्षेत्र हे होतं. वाचलं मी सगळं, कळलं मात्र उलटं. स्वतःच शिकलेल्या माणसाचं असंच होतं, चूक दाखवायला कुणी नसतं.

मी वळले नाही. म्हटलं, बोलू दे. गाडी आपणहून हळू झाली, आपणहून कडेला गेली आणि थांबली. सगळे दिवे लुकलुकायला लागले, जणू मी दरोडा घालून पळत होते. मागचे ट्रक भोंगे वाजवत जवळून जात होते. प्रत्येक ट्रकबरोबर गाडी हलायची. रस्ता ओलांडायला जागा नाही, मधे उंच कठडा. भिंतीपलीकडे धाकटी. आणि पडद्यावर, "गाडीला हाक मारा."

फोन लावला तर जावई बैठकीत. लेक उचलेना. ओळखीपाळखीचं कुणी नाही. रखवालदाराचा नंबर माझ्याकडे नाही. एक ट्रकवाला खिडकीतून ओरडला, "मावशी, मरायचंय का?" त्याला म्हणावंसं वाटलं, बाबा रे, थांब, जरा अहो म्हणून जा.

किती वेळ बसले माहीत नाही. मग म्हटलं.

गाडी म्हणाली, "बोला."

हे "काय गं" म्हणायचे. बरं झालं, "बोला" म्हणाली.

मी म्हटलं, "वळा."

घरी येऊन पडदे काढले आणि धुतले. खरं तर गेल्याच आठवड्यात धुतले होते.

२१ फेब्रुवारी

शुश्रूषागृहाच्या मेट्रनबाईंचा फोन. "काल का नाही आलात? तुमच्या बहीणबाई सकाळपासून चपला घालून बसल्या होत्या. आम्ही काढायला गेलो की लाथ मारतात. अंधार पडेपर्यंत चल चल चाललं होतं, मग गप्प झाल्या. आज सकाळी जेवल्या नाहीत."

मी म्हटलं, गाडी बिघडली होती. बिघडली नव्हती. फार शहाणी होती.

२२ फेब्रुवारी

जावयांना बोलावून घेतलं. चहासुद्धा आधी ठेवला नाही.

"जावईबापू, तुमची गाडी माझ्या बहिणीपर्यंत जात नाही."

"आई, त्या भागात अजून सदस्य नाहीत ना. मागणी तयार झाली की वर्तुळ वाढेल."

"म्हणजे आणखी थोड्या बहिणींना झटका यायला हवा."

"आई, तसं नाही. तुम्ही असं करा. सीमेपर्यंत आमच्या गाडीने जायचं. तिथून आमची विजेची स्कूटर…"

"मी? स्कूटरवर?"

"…किंवा सामायिक व्हॅन. पुढे थोडं चालणं. आम्ही याला प्रवासाची साखळी म्हणतो."

"आणि धाकटीला कुठे बसवू? साखळीला अडकवू?"

लेक हसली आणि लगेच गप्प झाली. मी म्हटलं, "मला माझी गाडी परत हवी." ते एकदम पांढरे पडले. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांच्या तोंडून जाहिरात बाहेर आली नाही. म्हणाले, "आई, महिनाअखेरपर्यंत थांबा. फक्त तेवढं. वरचे लोक… जमा झालेल्या गाड्या मोजतात. आत्ता एक जरी परत गेली ना, तर मीही परत जाईन. घरी."

तेव्हा कळलं की "अजून एक येतेय सर" ती मी होते.

राग यायला हवा होता. पण त्यांच्या सदऱ्याची कॉलर उसवलेली होती आणि लेकीनं ती आतून दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने शिवली होती. ती असं कधी करत नाही. मी म्हटलं, "महिनाअखेर. त्यानंतर माझी गाडी माझ्या दारात." ते म्हणाले, "शब्द देतो." चहा ठेवला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

टॅक्सी केली. टॅक्सीवाला फाटकापर्यंत आला, पण म्हणाला, आजारी माणूस बसवणार नाही, सीट खराब होते, आणि थांबणारही नाही, तिथून परतीचं भाडं मिळत नाही. त्याचंही बरोबरच असेल. सध्या सगळ्यांचंच बरोबर असतं.

धाकटीला चाकांच्या खुर्चीतून फाटकाशी आणलं होतं. चपला पायात. टॅक्सी बघितली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा टॅक्सीकडे. मी वाकून सांगितलं, "अगं, आज बागेत बसू." तिने तोंड फिरवलं. तासभर मी तिच्या कानाशी बोलले. शेजारीण, वाचनालय, रखवालदाराची गोष्टही सांगितली. एरवी तिला ही गोष्ट ऐकून हसू आवरलं नसतं. तिने एकदाही चल म्हटलं नाही.

परत यायला दुधाच्या टेम्पोवाल्याने शहराच्या तोंडापर्यंत आणलं. कॅनांच्या मधे बसून मी विचार करत होते की तिला घरी आणावं का. मला उचलवत नाही. मागे एकदा प्रयत्न केला, दोघी न्हाणीघरात पडलो, ती खाली आणि मी वर. ती हसत होती. मी नव्हते.

३ मार्च

महिना संपला. जावयांना घेऊन कंपनीच्या आवारात गेले. गाड्यांच्या रांगा उन्हात उभ्या होत्या, वृद्धांच्या दवाखान्यासारख्या. आमची दिसली नाही. आतल्या बाबूने पडद्यावर बघितलं. म्हणाला, "ती गेली."

"कुठे गेली?"

"पुढे. भंगारात. शनिवारीच दाबली."

जावई म्हणाले, "अहो, मी थांबवायला सांगितलं होतं!"

बाबू म्हणाला, "सांगितलं होतंत सर, पण वर लेखी पाठवलं नाहीत. वर पाठवलं असतं तर मोजणीतून कमी झाली असती." मग हळूच म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना, एक तारखेला पाठवतो."

जावई बुटांकडे बघत राहिले. "मला वाटलं आई, वेळ लागेल. साधारण वेळ लागतो."

मी विचारलं, दाबलेली बघता येईल का. बाबूने मागच्या बाजूला नेलं. कपाटाएवढे चौकोन एकावर एक रचले होते. आमचा रंग दोनतीन ठिकाणी दिसला. नक्की कुठला ते सांगता आलं नाही.

घरी आले. यांची मोडकी छत्री दुरुस्तीला टाकली. छत्रीवाला म्हणाला, "आजी, यापेक्षा नवी घ्या." मी म्हटलं, "तुम्ही पण त्याच कंपनीत का?"

९ मार्च

पाच तारखेची गोष्ट आज लिहिते. मधे वेळ झाला नाही.

बुधवारी संध्याकाळी, न कळवता लेकीकडे गेले. मनात ठरवलं होतं की वर्गणी बंद करा म्हणायचं, भांडायचं नाही, आणि भांडण झालं तर मागे हटायचं नाही. वर कुणी नव्हतं. खाली गाड्या लावतात तिथे थांबले. पिशवी जड होती, म्हणून कोपऱ्यात राखाडी आच्छादन घातलेलं काहीतरी उभं होतं त्यावर ठेवली.

तिथला रखवालदार धावत आला. "आजी, आजी, पिशवी उचला. ओरखडा उठला तर साहेब जीव घेतील. नवी कोरी गाडी आहे."

"कोणते साहेब?"

"चौथ्या मजल्यावरचे. ते गाड्या वर्गणीने देतात ना, तेच."

मी आच्छादनाचं टोक उचललं. लाल होती. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं.

मी तिथेच, गाडीला टेकून, उभी राहिले. थोड्या वेळाने दोघं आले. जावयांनी मला पाहिलं, मग गाडी पाहिली, आणि त्यांचे ते सारखे दात कुठेतरी गेले.

"आई, ही… ही एक गुंतवणूक आहे."

लेक म्हणाली, "गुंतवणूक कसली? गाडी आहे आमची." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मागच्या वर्षी घेतली आई. त्यानंतर यांना ही नोकरी लागली. तिथल्या माणसाची स्वतःची गाडी असलेली चालत नाही. कुणी बघितलं तर नोकरी जाईल. म्हणून बाहेर काढतच नाही. संध्याकाळी खाली येतो, दारं लावून आत बसतो, रेडिओ ऐकतो. चहाचा थर्मास आणतो कधीकधी."

"कुठेच जात नाही?"

"कुठेच नाही."

जावई खालच्या मानेने म्हणाले, "परवा मी आत बसून हॉर्न वाजवला. एकदाच. हळूच."

मला हसू यायला लागलं. थांबेचना. आवारात घुमायला लागलं तसं तेही हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "आई, तुमच्या गाडीचं मी मुद्दाम नाही केलं."

"थोडं केलंत," मी म्हटलं. "किल्ली द्या."

"आत्ता?"

"उद्या गुरुवार आहे. उद्याही आणि पुढेही."

"आई, कुणी बघितलं तर?"

"बघणारे सगळे तुमच्या सेवाक्षेत्रात राहतात. मी बाहेर चाललेय."

लेकीने नवऱ्याच्या खिशात हात घातला, किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, "क्लच जरा कडक आहे आई, कुणी वापरलाच नाही."

दुसऱ्या दिवशी मी ती गाडी घेऊन धाकटीकडे गेले, मदतनीस बाईंनी आणि मी तिला पुढे बसवलं, सीटवरचं प्लास्टिक फाडून टाकलं, आणि ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघी फिरलो.